पांढरा गाळ, लाल पाणी

पोहण्याच्या टोपीत केस निघाले. एक-दोन नव्हेत, मूठभर. धाकटीने टोपी उलटी करून ते तलावाच्या काठावर झटकले आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या पोरींना म्हणाली, "काय बघताय? उड्या मारा."

*

गोदामाचा मालक सांगत होता की आग पंख्याच्या वायरीतून लागली. थोरली गुडघे टेकून काळवंडलेली भिंत पाहत होती. "वायर वर आहे," ती म्हणाली, "आणि भिंत खालून जळत गेलीय. आगीला खोटं बोलता येत नाही, मालक. तुम्हाला येतं."

*

अंडं एकदा उकडलं की उकडलं. मग ते बर्फात ठेवा, त्याच्यापुढे हात जोडा, पुन्हा कच्चं होत नाही. प्रथिनाला मागे फिरता येत नाही.

*

भरल्या सभागृहात दिवे मालवले. सरांनी बोटाएवढी काचेची कुपी उंच धरली आणि तिच्यातून लेझरचा किरण सोडला. कुपीत सरळ झगझगीत रेघ उमटली. "रेघ दिसते आहे, म्हणजे कण आहेत," सर म्हणाले. टाळ्या थांबेचनात.

*

किल्ली फिरते. फ्रिजचं दार उघडतं. कोणीतरी गार पडलेल्या कुप्या एकेक करून आत ठेवतं, लेबलं पुढे करून.

सगळ्यांच्या देखत

नर्सने सकाळी धाकटीची कुपी बाहेर काढली, उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला.

एरवी कुपीतलं औषध दाट गुलाबी असायचं, दुधात रंग कालवावा तसं. आज तळाला पांढराशुभ्र गाळ बसला होता आणि वर लालभडक, आरपार दिसणारं पाणी. नर्सने दुसरी कुपी काढली. तीही तशीच. मग तिसरी. मग ती काढायचीच थांबली.

धाकटी बाही वर करून खुर्चीत बसली होती. तिने बाही खाली ओढली.

"कोणाचं काम हे?" थोरलीने विचारलं. आवाज चढवला नव्हता. तिचा आवाज खाली गेला की समोरच्याने सावध व्हावं, हे तिच्या ओळखीचे लोक जाणून होते. आग कशी लागली हे सांगायला विमा कंपन्या तिला बोलावत. पाणी मारून झाल्यावर, लोक रडून झाल्यावर ती जायची आणि राखेत हात घालायची. बरेचदा राखेत सापडायचं ते एखाद्याचं तोंड काळं करणारं असायचं. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

आज मात्र राख तिच्या घरची होती.

धाकटीच्या स्तनातली गाठ काढली होती. ती फुप्फुसात पुन्हा उगवली. रुग्णालयातल्या या नव्या औषधाच्या प्रयोगात नाव लागलं तेव्हा धाकटीनेच तिला स्वयंपाकघरात उभं राहून सगळं समजावलं होतं. "औषध जुनंच गं ताई. लाल रंगाचं. पण ते शरीरात मोकाट सुटतं. केस, तोंड, हृदय, कोणाला सोडत नाही. हे लोक ते प्रथिनाच्या पुडीत बांधतात. रक्तातलंच प्रथिन, पुडी अगदी बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकाला पण दिसायची नाही. वर पत्ता चिकटवलेला. गाठीपाशी गेली की पुडी सुटणार, वाटेत कोणाला धक्का नाही. म्हणून तर नेहमीपेक्षा कितीतरी मोठा डोस देता येतो."

"आणि पोस्टमननेच वाटेत पुडी फोडली तर?"

"तू ना, लग्नाला गेलीस तरी मांडव कुठून पेटेल ते बघत बसशील."

दोन डोस झाले होते. फोटोत गाठ निम्मी दिसत होती. आज तिसरा होता, आणि तो कोणीतरी नासवला होता.

थोरलीने नासलेली एक कुपी उचलून पर्समध्ये टाकली. नर्सने ते पाहिलं आणि मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघायला लागली.

संन्याशाला फाशी

"फ्रिज," प्रयोग चालवणारे सर म्हणाले. "दुसरं काय असणार? थंडी वाढली, कुप्या गोठल्या. प्रथिन गोठलं की त्याचा फाटलेल्या दुधासारखा गाळ होतो. परवाच तो फ्रिजवाला येऊन काहीतरी खुडबुड करून गेला."

सरांचं बोलणं मऊ होतं. टेबलावर लेझर पडला होता, लोक चष्मा ठेवतात तसा.

"तुमचा शब्द विमा कंपन्या मानतात," ते पुढे म्हणाले. "तुम्ही एवढं लिहून दिलंत की दोष यंत्राचा, तर आम्हालाही बरं पडेल. तुमच्या बहिणीचं काही अडत नाही. नवी बॅच उद्या तयार होतेय. डोस उद्याच देऊ."

"आधी फ्रिज बघू दे."

फ्रिज तिने पाहिला. कुप्या गोठल्या होत्या यात शंका नव्हती; गोठून फुगलेल्या पाण्याने बुचं वर ढकलली होती. पण त्याच कप्प्यात मागच्या बाजूला, जिथून गारवा येतो तिथे, सलाइनच्या बाटल्या होत्या. काचेच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. एकीलाही तडा नव्हता. पुढच्या कुप्या मात्र झाडून सगळ्या सारख्याच गेलेल्या.

आग असो की गारठा, दोघंही चालत येतात. वाटेत जो आधी भेटेल त्याला आधी धरतात. मागच्यांना सोडून पुढच्यांना धरणारा गारठा तिने पाहिला नव्हता.

म्हणजे फ्रिजवाला सुटला. आणि म्हणजे कोणीतरी त्या कुप्या बाहेर नेल्या होत्या, दुसरीकडे गोठवल्या होत्या, वितळू दिल्या होत्या आणि परत आणून जागच्या जागी ठेवल्या होत्या.

परत कशाला?

काका

"किल्ली तिघांकडे," औषधं देणारे काका खिडकीतून म्हणाले. सगळं रुग्णालय त्यांना काकाच म्हणायचं, त्यांच्याहून म्हातारे पेशंटसुद्धा. "एक माझ्याकडे, एक सरांकडे, एक धुणंवालीकडे."

"ही कोण?"

"कण बनवते ती. चांगली शिकलेली आहे हो, सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करतेय. पण सकाळ-संध्याकाळ आपली कण धूत बसायची, म्हणून इथल्यांनी नाव पाडलं. तीही गुणाची, हाक मारली की ओ देते. त्या धुण्याच्या यंत्राने अख्खा मजला घरघरायचा. हल्ली बरं आहे. दुपारी डोळा लागतो जरा."

"तुमचं सरांशी कसं आहे?"

"चालू आहे संसार." काकांनी गोळ्यांची पाकिटं नीट केली. "सभेत सगळ्यांची नावं घेतली. लेझरच्या सेलचीसुद्धा कंपनी सांगितली. माझं राहिलं."

"म्हणून राग काढलात? कुप्या बाहेर नेऊन गोठवल्यात आणि वितळवून परत ठेवल्यात?"

"बाई, मला राग काढायचा असता तर बेसिनमध्ये ओतलं असतं आणि कुप्या कचऱ्यात टाकल्या असत्या. गोठवा, वितळवा, पुसा, परत मांडा, एवढे लाड कोण करतं? माझ्या गुडघ्यांना तेवढा राग परवडत नाही."

तिला हसू येणार होतं. मग तिच्या लक्षात आलं की म्हातारा बरोबर बोलला आहे.

उत्तरं

(धुणंवाली प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसून बोलली. थोरलीचे प्रश्न इथे गाळले आहेत. ते कोणीही विचारले असते.)

"हो. मीच बनवते."

"प्रथिनाच्या पाण्यात औषध घालायचं. मग थेंबाथेंबाने स्पिरिट. पाणी दुधाळ झालं की कण झाले. मग ते बांधून पक्के करायचे, नाहीतर विरघळतात."

"बांधलेले कण गोठवले तर एकमेकांना चिकटतात. गोळे होऊन तळाला बसतात. चिकटतात म्हणतेय मी. रिकामे होत नाहीत."

"लेझरची रेघ? रेघ दिसली म्हणजे कण आहेत. एवढंच."

"औषध आत आहे हे ओळखायला यंत्रात जोरात फिरवायचं. कण तळाला जातात. औषध आत असेल तर तळ लाल आणि वरचं पाणी नितळ. जे आत गेलं नाही ते पाण्यात राहतं. ते पाणी फेकायचं, नवं घालायचं, पुन्हा फिरवायचं. यालाच आम्ही धुणं म्हणतो."

"ते सरांना विचारा."

"तेही सरांनाच विचारा."

"मी काही लपवत नाहीये. तुम्ही जेवढं विचारलंत तेवढं सांगितलं."

"तुमच्या बहिणीचे केस गेलेत का?"

हे शेवटचं काही उत्तर नव्हतं. "मूठमूठ," थोरली म्हणाली. धुणंवाली स्टुलावरून उतरली, नळापाशी गेली आणि हात धुवायला लागली. थोरली दारापर्यंत पोचली तरी नळ चालूच होता.

जिना

घरी लिफ्ट असताना धाकटी जिन्याने जायची. पोहायला शिकवणाऱ्या बाईने लिफ्ट वापरली तर पोरी काय म्हणतील, हे तिचं जुनं पालुपद. त्या संध्याकाळी ती मधल्या पायरीवर कठडा धरून थांबली.

"दम लागलाय तुला."

"बूट घट्ट आहेत."

"दमाचा आणि बुटांचा काय संबंध? उद्याचा डोस पुढे ढकल."

"का?"

"तिथे पाणी मुरतंय. अजून नीट हाती आलेलं नाही, पण कोणीतरी कुप्या मुद्दाम..."

"ताई." धाकटीने श्वास जमवला. "गाठ निम्मी झालीय. फोटो तू पाहिलायस. मला आणखी एक उन्हाळा पाण्यात उतरायचंय, आणि ते देणारं एवढं एकच दार उघडं आहे. आणि तू त्या दारात उभी राहून चौकटीला वास येतोय का ते हुंगतेस."

"मी तुझ्यासाठीच..."

"नाही. तुला कोणीतरी दोषी हवा असतो. लहानपणी दूध उतू गेलं तरी तू आधी चौकशी बसवायचीस आणि मग गॅस बंद करायचीस."

उरलेले जिने दोघी एकमेकींशी न बोलता चढल्या. मध्ये दोनदा थांबून.

सकाळी थोरली उठली तेव्हा धाकटी एकटीच रुग्णालयात निघून गेली होती. थोरलीने चहा ओतला, पर्समधली कुपी काढून खिडकीत ठेवली आणि चरफडत तिच्याकडे पाहत राहिली. उन्हात वरचं पाणी लाल चमकत होतं. खाली गाळ. पिठासारखा पांढरा, एक गुलाबी छटा नाही.

आत असेल तर तळ लाल.

गोठल्याने कण चिकटतात. रिकामे होत नाहीत.

आणि धुण्याच्या यंत्राची घरघर हल्ली बंद, काकांना दुपारी झोप लागते.

चहा तसाच राहिला.

नळी

ती पोचली तेव्हा नळी जोडली होती. वर टांगलेल्या पिशवीत दाट गुलाबी औषध होतं, सुंदर, दुधाळ, सभागृहात दाखवावं असं. नर्स हातावर चिकटपट्टी लावत होती. थोरलीने नळीवरची चाकी दाबून बंद केली.

"ताई, हात काढ."

"काढते. आधी यातलं थोडं यंत्रात फिरवून आणू दे."

सर आले. आज बोलणं तेवढं मऊ नव्हतं. "हे रुग्णालय आहे, तुमचं जळकं गोदाम नव्हे. प्रत्येक मिनिट उशीर म्हणजे तुम्ही तुमच्या बहिणीच्या जिवाशी खेळताय."

"फिरवायला कितीसा वेळ लागतो? तुमचं रोजचं काम आहे म्हणे."

"गरज नाही. बॅच मी स्वतः पाहिली आहे."

"लेझरने?"

सरांनी दाराकडे पाहिलं. ते पाहून धाकटीने मान वर केली. पाण्यात बुडणारं पोर आणि बुडण्याचं सोंग करणारं पोर यांतला फरक ओळखण्यात तिची उमर गेली होती.

"फिरवा," ती म्हणाली. "ताई चुकली तर मी तिला जन्मभर ऐकवीन. तो आनंद मला घेऊ द्या."

घरघर

यंत्र धुणंवालीने चालवलं. अख्खा मजला घरघरायला लागला. खालच्या खिडकीतून काकांनी डोकं बाहेर काढून वर पाहिलं.

यंत्र थांबलं. धुणंवालीने नळकांडी आणून धाकटीच्या समोरच्या टेबलावर ठेवली आणि मागे सरली.

तळाला पांढरं. वर लाल पाणी.

"ही तर कोणी गोठवली नव्हती ना?" थोरलीने विचारलं.

उत्तराची वाट न बघता ती पुढे बोलली.

"सगळे विचारत होते, कुप्या कोणी नासवल्या. मीही तेच विचारत होते, अक्कल गहाण टाकून. त्या नासल्या नव्हत्या. त्या होत्याच तशा. गोठवल्याने फक्त कण खाली बसले आणि आत काय आहे ते उघडं पडलं. आत काही नव्हतं. पुड्या रिकाम्या. औषध सगळं बाहेर, पाण्यात, मोकाट. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, कारण ते पुडीत बांधलेलं आहे असा हिशोब. हे दोनदा माझ्या बहिणीच्या शिरेत गेलं. केस गेले. जिना चढताना ती कठडा धरते. या औषधाला हृदय आवडतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, सर. धुणं का बंद केलंत?"

"यंत्रात बिघाड..." सर म्हणाले आणि थांबले. यंत्र अजून गरम होतं.

मग ते खुर्चीत बसले. "धुतलं की औषध निघून जायचं," ते म्हणाले. "थोडंच आत राहायचं. आकडे लाजिरवाणे यायचे. न धुता कुपीतलं सगळं लाल मोजलं की आकडा पूर्ण. सभा तोंडावर होती. मला खात्री होती की पुढच्या बॅचला जमेल. आणि तुम्ही हेही बघा, गाठ लहान झाली. फोटो खोटा नाही. औषध लागू पडलं."

"पडणारच," थोरली म्हणाली. "घर जाळलं की ढेकूणही मरतात."

धाकटीने हातावरची चिकटपट्टी स्वतःच सोलून काढली. तिला रडू आलं असेल असं वाटून नर्स जवळ गेली. पण ती रडत नव्हती. "बाकीचे पेशंट कुठेत?" तिने विचारलं. "त्यांच्या नळ्या कोण बंद करणार? उठा ना, कोणीतरी उठा."

नर्स पळाली.

मांडून ठेवणारी

धुणंवाली बाहेर व्हरांड्यात उभी होती.

"तूच गोठवल्यास," थोरली म्हणाली. "सरांना ते झाकायचं होतं, त्यांनी कुप्या फ्रिजमध्ये परत ठेवल्याच नसत्या. काकांना पुड्या रिकाम्या आहेत हे माहीत नव्हतं. त्यांनी राग काढायला बेसिन वापरलं असतं. गोठवल्यावर गाळ पांढरा दिसेल हे ठाऊक असलेली आणि तो कोणीतरी बघावा असं वाटणारी तू एकटीच. पुरावा जाळणारे मी पुष्कळ पाहिले. पुरावा पुसून, लेबलं पुढे करून मांडणारी पहिलीच."

"मला वाटलं, एवढं दिसल्यावर कळेल कोणाला तरी," धुणंवाली म्हणाली. "इथे सगळे तज्ज्ञ आहेत. सगळ्यांनी बघितलं. सगळे म्हणाले, फ्रिज बिघडला."

"तोंड होतं ना तुला?"

"पदवी त्यांच्या सहीवर आहे. घरी आई आहे, भाऊ आहे, सगळे माझ्या..." तिने ते वाक्य सोडून दिलं. "पहिल्या डोसला मी मनाची समजूत घातली की थोडं तरी आत असेल. दुसऱ्याला समजूत पटेना. तिसऱ्याला झोप लागेना."

थोरलीला क्षणभर तिची कीव आली. मग तिला पुढचा प्रश्न सुचला.

"आजची बॅच कोणी बनवली?"

धुणंवालीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी."

"धुतलीस?"

"सर म्हणाले, नको."

थोरलीने आयुष्यात आग लावणाऱ्यांना समोर बसवून चहा पाजला होता. त्यांच्यात निदान रग असायची, लोभ असायचा, एखाद्याचा सूड असायचा. इथे नुसतं 'सर म्हणाले' होतं. तिला त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तिने हात पर्सच्या पट्ट्यात गुंडाळून घेतला.

"चौकशी बसेल," ती म्हणाली. "तिथे विचारतील तेवढंच बोललीस तर बघ. न विचारलेलं सगळं सांगायचं. कोणी विचारायची वाट बघायची नाही."

त्यानंतर

चौकशी बसली. धुणंवाली न विचारलेलंही बोलली. सर दीर्घ रजेवर गेले. पत्रकात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलं होतं, आणि ते वाचून थोरलीने वर्तमानपत्र असं फाडलं की शेजारणीने दार वाजवून चौकशी केली. प्रयोगातल्या सगळ्यांच्या हृदयाची तपासणी झाली. बहुतेकांची हृदयं थोडी दमली होती. एकाचं फार.

धाकटीचं मधलं निघालं. जुनं औषध आता तिला कधीच देता येणार नाही. दुसरं, सौम्य, हळू चालणारं सुरू झालं. गाठ ना वाढते ना घटते. पाण्यात उतरायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून ती काठावर खुर्ची टाकून शिट्टीने शिकवते, आणि पोरी पूर्वीपेक्षा जास्त घाबरतात. बहिणींचं बोलणं सुरू आहे. एकदा धाकटी म्हणाली, "तू दारात आडवी आलीस म्हणून मी वाचले, हे मला कळतं. तरी ते दार होतं असं मला अजून स्वप्न पडतं, आणि सकाळी मला तुझाच राग येतो."

"रागाला ये म्हणावं," थोरली म्हणाली. "माझ्याकडे जागा आहे."

माणसांवरच्या प्रयोगाला परवानगी मिळाली त्याच्या आदल्या वर्षी याच औषधाचा उंदरांवरचा प्रयोग संपला होता. प्रत्येक उंदराची गाठ काढून मोजली होती. हृदय एकाचंही उघडून पाहिलं नव्हतं.